सरकार विद्यापीठाला एवढं अनुदान देतं, तरी परीक्षा शुल्क का वाढतं?

‘सरकारचा पैसा मधल्या मधे जिरतो का?’ असं तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय, म्हणून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी एका अकृषी विद्यापीठाच्या वित्त विभागात गेली. हे वाक्य मला विद्यार्थ्यांनी कमी आणि प्राध्यापकांनी जास्त ऐकवलंय.

राज्याकडून येतो तो मुख्यतः पगार. तोही मंजूर पदाचा, आणि त्या पदावर माणूस असेल तरच. प्राध्यापक निवृत्त झाले, पद भरायला परवानगी मिळाली नाही, की तिथलं वेतन अनुदान बंद. वर्ग काही बंद होत नाही. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी घ्या, कंत्राटी लिपिक घ्या, आणि त्यांचे पैसे बहुतेक वेळा विद्यापीठाच्या स्वनिधीतून काढा. उत्तरपत्रिकांची छपाई, तपासणीचं मानधन, सुरक्षारक्षक, वीजबिल यांचा बराचसा भारही त्याच स्वनिधीवर. आणि स्वनिधी म्हणजे परीक्षा शुल्क, महाविद्यालयांचं संलग्नीकरण शुल्क आणि ठेवींवरचं व्याज. तुमची फी का वाढते, ते यात आलं.

केंद्राचा पैसा ही वेगळीच गंमत. यूजीसीची, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची, पंचवार्षिक विकास अनुदानं बाराव्या पंचवार्षिक योजनेसोबत 2017 मध्ये संपली. 2013 ला रूसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) ही केंद्राची योजना आली, तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाचा वाटा केंद्र 60 टक्के, राज्य 40. 2023 पासून तीच पीएम-उषा झाली, मोजक्या विद्यापीठांना 100 कोटी वगैरे. पण हा पैसा ठरलेल्या कामालाच लावायचा असतो: बांधकाम, नूतनीकरण, उपकरणं. त्यातून वीजबिल भरता येत नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठाला यूजीसी पोसते, राज्य विद्यापीठांच्या नशिबात ते नाही.

आता ‘जिरण्या’बद्दल. आमच्याकडे एका विज्ञान विभागाला उपकरणासाठी केंद्राचं अनुदान मंजूर झालं होतं. रक्कम खात्यात पडली फेब्रुवारी संपता संपता, आणि खर्च दाखवायचा 31 मार्चच्या आत. विभागप्रमुख पुरवठादाराचं प्रोफॉर्मा बिल, म्हणजे माल यायच्या आधीचं आगाऊ बिल, घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, पूर्ण रक्कम त्याला देऊन टाका, यंत्र जूनमध्ये येईल, कागदोपत्री खर्च झाला म्हणजे झालं. मी नाही म्हटलं. निविदा झालेली नाही, यंत्र आलेलं नाही, डेडस्टॉकला (वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद नाही, आणि मी उपयोगिता प्रमाणपत्राची फाइल सहीसाठी वर पाठवू? त्या कागदावर रक्कम ज्या कामासाठी आली त्याच कामावर खर्च झाली असं लिहून द्यावं लागतं. सरांनी आवाज चढवला, कुलगुरूंपर्यंत गेले, ‘कारकुनांनी संशोधन मारलं’ असं भर बैठकीत बोलले. शेवटी मुदतवाढ मागितली, ती आली नाही, आणि रक्कम परत गेली. मधल्या दिवसांचं बँकेचं व्याजसुद्धा हिशोब करून पाठवलं, कारण केंद्राच्या अनुदानावरचं व्याज ठेवून घ्यायची सोय नियमात नाही.

सर अजूनही लग्नकार्यात भेटले की मान फिरवतात. फिरवू देत. आजही तीच फाइल समोर आली तर मी तोच शेरा मारीन. मंजुरीचं पत्र हातात आलं त्या दिवशी तांत्रिक तपशील तयार करून निविदेची तयारी लावली असती, तर पैसे येताच पुरवठा आदेश निघाला असता. पत्र त्यांच्या कपाटात होतं, माझ्या नव्हे. प्राध्यापक मंडळींना अनुदान ‘आणल्याचा’ सत्कार हवा असतो, खरेदीची फाइल मात्र कुणालाच नको असते. लेखापरीक्षकाचा आक्षेप निघाला की तो आमच्या नावावर, तेव्हा संशोधक कुठे दिसत नाहीत.

वित्त विभाग धुतल्या तांदळासारखा असतो असं माझं म्हणणं नाही. पंधरा दिवस फाइल दाबून ठेवणारे महाभाग मीही पाहिलेत. आणि वरचं सगळं राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांपुरतं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं आहे.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर तुमच्या विद्यापीठाचा अर्थसंकल्प काढा. मार्चच्या सुमारास तो अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, मांडतात. जमेच्या बाजूला वेतन अनुदान झाकून उरलेले आकडे वाचा, मग परीक्षा विभागाची जमा आणि खर्च शेजारी ठेवा. जमा खर्चापेक्षा बरीच जास्त निघाली, तर तुमच्या शुल्कातून दुसरंच काहीतरी चाललंय, आणि त्याबद्दल अधिसभा सदस्याला जरूर धारेवर धरा. अर्थसंकल्प मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. अर्जात ‘परत गेलेली अनुदानं, विभागनिहाय’ हेही मागा. आमच्या सरांचा विभाग त्यात सापडेलच.