‘आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत’ हे मराठी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दूरच्या एका देशात मोठा भूकंप झाला. तिथल्या निवारा केंद्रातल्या लोकांना एक गट सामान पाठवतो आहे आणि खोक्यांबरोबर एक पत्रही जाणार आहे: वर मराठी, खाली तिथल्या भाषेतला अनुवाद. प्रश्नकर्तीने पहिलं वाक्य लिहिलं, ‘या कठीण प्रसंगी आमच्या प्रार्थना आणि संवेदना तुमच्यासोबत आहेत.’ गटातले एक काका म्हणाले, ‘हे मराठी नव्हे.’ मग मराठी काय? शिवाय एक उपप्रश्न: ‘सांत्वन’ बरोबर की ‘सांत्वना’?

काकांचं बरोबर आहे. वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही आणि शब्द सगळे कोशातले आहेत. तरी हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडी ते शोभतं, माणसाच्या तोंडी अडकतं.

पहिला अडथळा ‘सोबत’. हा शब्द मुळात अरबी ‘सुहबत’, फारसीतून आपल्याकडे आला. मराठीत त्याला हाडामांसाचं माणूस लागतं. ‘रात्री सोबतीला कोण आहे?’ या प्रश्नाला ‘प्रार्थना’ असं उत्तर येणार नाही, त्या नावाची पुतणी असेल तर गोष्ट वेगळी. सोबत म्हणजे शेजारच्या अंथरुणावर कुणीतरी असणं, मध्यरात्री हाक मारली तर ‘ओ’ देणारं. ‘अर्जासोबत कागदपत्रे जोडावीत’ या कोरड्या कामालाही आपण तो जुंपला आहे, ते चालतं. पण जिचं घर पडलं आणि जी रात्री एकटी तंबूत जागी आहे, तिला ‘सोबत आहोत’ म्हणताना शब्दाचा मूळ अर्थ उसळी मारून वर येतो. आपण तिच्यासोबत नाही आहोत, हीच तर अडचण आहे.

‘पाठीशी’ हा शब्द अंतर सोसतो. ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ हे कितीही लांबून म्हणता येतं, फक्त त्यात मदतीचं वचन येतं. तुम्ही सामान पाठवत आहात, तेव्हा खुशाल लिहा. नुसता संदेश पाठवणाऱ्याने जरा जपून.

‘संवेदना’चा निकाल लवकर लागतो. मराठीत संवेदना म्हणजे जाणीव. दाताच्या डॉक्टरांनी भूल दिली की ओठाची जाते, ती. दुःखात सहभाग या अर्थाने एकटा ‘संवेदना’ हिंदीत रुळलेला आहे आणि तिकडूनच आपल्या संदेशांत उतरला. आपल्याकडे त्यासाठी ‘सहवेदना’ आहे, ‘शोकसंवेदना’ही आहे. दुसऱ्यात शोक आहे, म्हणजे कुणीतरी गेलेलं आहे. ‘सहवेदना’ मला आवडतो, पण तो कागदावरचा शब्द. बोलताना तो वापरणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, ‘तुम्ही आमच्या मनात आहात’ एवढी साधी भावना सांगायला मराठीत काहीच नाही का? भरपूर आहे, आणि ते बहुतेक ‘लागणे’ या क्रियापदाशी बांधलेलं आहे. चित्त लागणं, जीव लागून राहणं, घोर लागणं. ‘बातमी ऐकल्यापासून आमचं सगळं चित्त तुमच्याकडे लागलं आहे.’ यात चित्त कुणी पाठवत नाही, ते आपल्याआपण तिकडे जातं आणि परत येत नाही. ‘घोर’ मात्र निकाल कळायचा असतो तेव्हाचा. ढिगारे उपसणं चालू आहे, माणसं बेपत्ता आहेत, तेव्हा घोर लागतो. आणि सगळं कळून चुकल्यावर, दुरून काही करता येत नाही म्हणून जे होतं ते ‘जीव तुटणं’.

खरी गंमत ‘प्रार्थना’मध्ये आहे. संस्कृतात ‘अर्थ्’ म्हणजे मागणं, इच्छिणं, त्याला ‘प्र’ लागून प्रार्थना. म्हणजे ही मागणी आहे, आणि मागणी म्हटली की काय मागितलं ते सांगणं आलंच. ‘मी अर्ज केला आहे’ एवढं ऐकून कुणी गप्प बसत नाही, ‘कशासाठी?’ असं विचारतो. ‘आमच्या प्रार्थना तुमच्यासोबत आहेत’ या वाक्यातून नेमकं हे ‘कशासाठी’ गळून पडलं आहे. जुन्या मराठी वळणाला ते गळलेलं चालत नाही. ‘देवाला प्रार्थना आहे, की...’ आणि त्या ‘की’नंतर क्रियापद एक खास रूप घेतं: मिळो, लाभो, सापडो, थांबो, येवो, राहो.

हे ओकारान्त रूप मराठीची स्वतःची प्रार्थना आहे असं मी म्हणेन. व्याकरणाची पुस्तकं त्याला आज्ञार्थात घालतात, तृतीय पुरुषी. आज्ञा कुणाला, हा प्रश्न विचारायचा नाही! तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितलं ते याच रूपांत, ‘जावो’, ‘पडो’, ‘लाहो’. आजही ‘देव तुझं भलं करो’ म्हणताना आपण तेच रूप वापरतो. ते इतकं पुरेसं आहे की ‘आम्ही प्रार्थना करतो’ हे शब्द पुढे जोडायची गरजच उरत नाही. ‘तुमची माणसं सुखरूप सापडोत’ असं म्हटलं की प्रार्थना करून झाली.

(जाता जाता: शापही याच रूपात. ‘वाटोळं होवो’, ‘जळो मेलं ते’. भाषेने दोन्हींना एकच साचा दिला, आत काय ओतायचं ते आपण बघायचं.)

इथे एक चूक वारंवार दिसते, तुमच्या मसुद्यातही होती. कर्ता अनेकवचनी असेल तर क्रियापदाला त लागतो. ‘भूकंपाचे धक्के थांबो’ चुकीचं, ‘थांबोत’ हवं. धक्का एकच असता तर ‘थांबो’. घर उभं राहो, घरं उभी राहोत.

‘मिळो’च्या जागी ‘मिळू दे’ चालेल का? चालेल, पण बाज बदलतो. ‘देवा, त्यांना निवारा मिळू दे’ यात कुणाला तरी थेट हाक आहे. बोलणं घरगुती होतं, जवळिकीचं होतं, पण देव मध्ये आणावाच लागतो. ‘निवारा मिळो’ला कुणाला हाक मारावी लागत नाही. वाचणाऱ्याचा देव वेगळा असेल, किंवा त्या रात्रीनंतर त्याचं देवाशी बोलणं बंद झालं असेल, तरी ‘मिळो’ त्याला टोचत नाही. परक्या मुलखात जाणाऱ्या पत्राला मी डोळे मिटून ‘मिळो’ घेईन.

देश कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अनुवादाचा विषय निघालाच आहे तर तुर्की भाषेतली एक गोष्ट सांगायला हवी. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे तुर्कस्तानच्या दक्षिणेला आणि सीरियाच्या उत्तरेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याच दिवशी दुपारी ७.५चा दुसरा. ५०,०००हून अधिक माणसं गेली. अशा वेळी तुर्की माणसाकडे दोन वेगळी वाक्यं तयार असतात. जो आपत्तीतून किंवा आजारातून जातो आहे त्याला ‘गेचमिश ओल्सुन’, शब्दशः ‘सरून गेलेलं असो’. ज्याचं माणूस गेलं त्याला ‘बाशनझ सा ओल्सुन’, म्हणजे ‘तुमचं डोकं शाबूत राहो’. दोन्हीकडचा ‘ओल्सुन’ म्हणजे आपला ‘असो’ किंवा ‘होवो’. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे आपल्या ‘सरो’, ‘थांबोत’चा अनुवाद तिथे सरळ उतरेल, तुमच्या मूळ वाक्याला मात्र तिथेही उसनी रचना शोधावी लागेल.

जपानीतही ही दुभागणी आहे. ११ मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या औपचारिक संदेशांत मृतांच्या आप्तांसाठी ‘ओकुयामी’ आणि जे वाचले पण ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यासाठी ‘ओमिमाई’ अशी वेगवेगळी वाक्यं असत. ओमिमाई हा मुळात आजाऱ्याला भेटायला जाण्याचा शब्द. आणि इथे मला एकदम आपला ‘समाचार’ आठवतो. वर्तमानपत्रातला समाचार सोडा. ‘आजाऱ्याच्या समाचाराला गेलो होतो’ मधला समाचार. जाऊन बघणं, कसं आहे विचारणं, काय हवं नको ते पाहणं. ओमिमाईच्या इतक्या जवळचा दुसरा मराठी शब्द मला सुचत नाही. दुर्दैवाने ‘चांगलाच समाचार घेतला’ या दुसऱ्या अर्थाने त्याचा असा समाचार घेतला आहे की पत्रात ‘तुमचा समाचार घेण्यासाठी’ लिहिलंत तर लोक दचकतील. ‘समाचाराला येणं’ ठेवा, ‘समाचार घेणं’ टाळा.

या दुभागणीवरून आपल्याकडचा तुटवडा लक्षात येतो. आपली तयार वाक्यं जवळजवळ सगळी मृत्यूभोवती आहेत: भावपूर्ण श्रद्धांजली, मृतात्म्यास शांती लाभो, कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी. वाचलेल्यांसाठी छापील काही नाही, म्हणून लोक हाताला लागेल ते उचलतात. ‘भूकंपग्रस्तांना श्रद्धांजली’ असा फलक मी या डोळ्यांनी पाहिला आहे. ज्यांना मदत करायची त्यांनाच फुलं वाहून मोकळे.

बरं, या लोकांना म्हणायचं काय? ‘ग्रस्त’मध्ये ‘ग्रस्’ धातू आहे, गिळणं. पंचांगातला ‘ग्रस्तोदय’ तो हाच, ग्रहण लागलेल्या स्थितीतच उगवणं. आपद्ग्रस्त म्हणजे आपत्तीने गिळलेला. अहवालात शब्द ठीक आहे, पण माणसाला तोंडावर ‘तुम्ही ग्रस्त’ म्हणू नये. ‘बाधित’ त्याहून सरकारी, ‘पीडित’ कुठल्याही अत्याचाराला लागतो. ‘वाचलेले’ साधा आणि बरोबर. मात्र ‘वाचणे’ दोन आहेत. पुस्तक ‘त्याने वाचलं’, भूकंपातून ‘तो वाचला’. पहिला ‘वाच्’पासून, बोलण्याच्या कुळातला. दुसरा व्युत्पत्तिकार ‘वञ्च्’पर्यंत नेतात, वाकडं जाणं, निसटणं, चुकवणं. त्याच ‘वञ्च्’पासून ‘वंचित’. वाचलेला आणि वंचित ही एका धातूची दोन लेकरं.

मला हे कोशात कळण्याआधी फोनवर कळलं होतं. पुरातून वाचलेल्या एका ओळखीच्या बाईंना मी म्हणालो, ‘नशीब, जीव तरी वाचला.’ त्या म्हणाल्या, ‘हो, जीव वाचला.’ पुढे बराच वेळ फोनवर काहीच नव्हतं. तेव्हापासून ‘सुदैवाने बचावले’ हे शब्द मी बातमीतसुद्धा अडखळत वाचतो. पत्रात ‘नशीब’, ‘सुदैव’, ‘निदान’, ‘तरी’ यांतलं काही येऊ देऊ नका.

आता ‘सांत्वन’. संस्कृतात ‘सान्त्वन’ नपुंसकलिंगी आणि ‘सान्त्वना’ स्त्रीलिंगी, दोन्ही आहेत. हिंदीने दुसरं उचललं, मराठीने पहिलं. म्हणून मराठीत ‘सांत्वन केलं’. ‘सांत्वना दिली’ ऐकू आलं तर ते हिंदीच्या वाऱ्याने. शब्द छान आहे, गोड बोलून शांत करणं. अमरकोशात तर तो साम-दाम-दंड-भेदातल्या सामाचा पर्याय म्हणून येतो, ‘साम सान्त्वम्’. म्हणजे रुसलेल्या राजालाही सांत्वनच! पण हा शब्द सांगणाऱ्याचा आहे, करणाऱ्याचा नाही. ‘मंत्र्यांनी कुटुंबाचं सांत्वन केलं’ हे तिसरा माणूस म्हणतो. ‘आम्ही तुमचं सांत्वन करतो’ असं समोरच्याला म्हणून बघा, हसू येईल. तेव्हा तुमच्या पत्रात सांत्वनही नको आणि सांत्वनाही नको.

‘सहानुभूती’ नकोच. ‘सहानुभूतिपूर्वक विचार केला जाईल’ या वाक्याने तिचा जीव घेतला, आणि ‘सहानुभूतीची लाट’ हे शब्द त्सुनामीतून आलेल्या माणसापुढे तर कल्पनेतही नकोत. ‘दिलासा’ फारसी, मनाला विसावा. पण हल्ली तो करदात्यांना आणि कर्जदारांना इतका मिळतो की त्यात काहीतरी हातात पडल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. उरतो ‘धीर’. ‘धीर धरा’ लिहू नका, ती सूचना झाली, आणि मराठीत तिचा अर्थ ‘थांबा जरा’ असाही होतो. रांगेत ताटकळणाऱ्यालाही आपण तेच सांगतो. ‘तुम्हाला धीर मिळो’ लिहा. बघा, पुन्हा ओकार.

तर माझा मसुदा असा, हवा तसा बदला:

‘बातमी ऐकल्यापासून आमचं चित्त तुमच्याकडे लागलं आहे. आम्ही लांब आहोत, तुमच्या समाचाराला येऊ शकत नाही, म्हणून हे पत्र. जमिनीचे धक्के थांबोत. ज्यांचा शोध चालू आहे ती माणसं सापडोत. जी गेली त्यांच्यासाठी आमचाही जीव तुटतो. तुम्हाला धीर मिळो, रात्री झोप लागो, घरं पुन्हा उभी राहोत. जे थोडंफार पाठवलं आहे ते गोड मानून घ्या. आम्ही पाठीशी आहोत.’

अनुवादकाला एक गोष्ट मात्र स्वतः फोन करून सांगा: ‘सापडोत’ म्हणजे ‘सापडली’ नव्हे. आणि पत्र पोहोचेपर्यंत शोध थांबलेला असेल, तर ते वाक्य काढूनच टाकायला सांगा.