'टेंपरन्स'ला दारूबंदी म्हणावे का?

प्रश्न असा आहे: फ्रान्सिस विलर्ड या अमेरिकन कार्यकर्तीवर मराठीत टिपण लिहायचे आहे. त्यांच्या दारूविरोधी चळवळीला इंग्रजीत 'टेंपरन्स' म्हणतात. त्यांना 'दारूबंदी चळवळीच्या नेत्या' म्हणावे, की 'टेंपरन्स'चा कोशातला अर्थ घेऊन 'संयम चळवळीच्या'?

'संयम चळवळ' नको. मराठीत संयम असतो तो रागाचा, जिभेचा, इंद्रियांचा. बाटलीचा वासही त्या शब्दाला नाही. वाचकाला वाटायचे, बाई ब्रह्मचर्याचा प्रचार करत होत्या.

'दारूबंदी'ची अडचण वेगळी आहे. हा शब्द ऐकला की कायदा, परवाना आणि पोलिसांची धाड आठवते. 1949 च्या मुंबईच्या कायद्याने ती छटा आणखी पक्की केली. एखाद्याने स्वतःहून पिणे थांबवले, तर त्याने 'दारू सोडली' असे आपण म्हणतो; 'दारूबंदी केली' असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतली चळवळ सुरू झाली ती या सोडण्यापासून, बंदीची मागणी नंतर आली. 1826 साली बॉस्टनमध्ये अमेरिकन टेंपरन्स सोसायटी निघाली, तेव्हा तिचा रोख व्हिस्की-रमसारख्या कडक दारूवर होता. बियर-वाइनला अनेकांची ना नव्हती. त्या काळापुरते 'मिताचार' अगदी चपखल बसते. मात्र दहाएक वर्षांतच सभासदांनी घ्यायची न पिण्याची शपथ कडक होत गेली आणि थेंबही वर्ज्य झाला. शब्द तोच राहिला, अर्थ सरकला.

विलर्डबाई (वसई-गोव्याकडच्या वाचकांनी 'फ्रान्सिस' पाहून गैरसमज करून घेऊ नये, म्हणून हे 'बाई') या सरकलेल्या अर्थाच्या काळातल्या. जन्म 1839 चा, मृत्यू 1898 चा. वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन 1874 मध्ये क्लीव्हलंडला स्थापन झाली आणि 1879 पासून अखेरपर्यंत त्या तिच्या अध्यक्ष होत्या. सभासद बायका व्हिस्कीच काय, वाइन, बियर आणि सायडरही न घेण्याची शपथ घेत आणि पांढऱ्या फितीची गाठ छातीवर लावत. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ पडली की त्या माणसाला कोणी 'घेतोस का' विचारत नाही, तसाच या फितीचा उपयोग. या युनियनमध्ये टेंपरन्सची एक व्याख्या फिरत असे, तीही ग्रीक झेनोफनच्या नावावर: हितकर गोष्टींत प्रमाण, अपायकारक गोष्टींचा पूर्ण त्याग. एकाच इंग्रजी शब्दात मिताचार आणि वर्ज्य दोन्ही कोंबले होते, ते असे. मराठीत त्याला एक शब्द शोधत बसू नये, मिळणार नाही.

मग विलर्डबाई बंदी मागत नव्हत्या का? मागत होत्या, आणि जोरात. पण त्यांची युक्ती निराळी होती. बायकांना मताधिकार द्या म्हटले की सनातनी घरे बिथरत. म्हणून त्यांनी त्या मागणीला 'होम प्रोटेक्शन' असे नाव दिले: दारूने घर बुडते ते बाईचे, तेव्हा गावात दारूची दुकाने असावीत की नसावीत यावर तिला मत देऊ द्या. 1879 मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळापुढे यासाठी लाखाहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. तो फेटाळला गेला. इथे अनुवादकाने 'घराचे संरक्षण' असे सपाट लिहू नये, 'घर राखण्यासाठी मत' असे काही लिहावे. महाराष्ट्रातल्या ज्या गावांत बायकांनी मतदानात 'आडवी बाटली' या दारूबंदीच्या चिन्हावर शिक्के मारून दुकान बंद पाडले, तिथल्या वाचकाला मुद्दा लगेच कळेल.

शिवाय त्यांचे काम दारूपुरते नव्हते. 'सगळे काही करा' हे त्यांचे धोरण: तुरुंगसुधारणा, बालवाड्या, कामगारांचा आठ तासांचा दिवस आणि मुलींचे संमतिवय वाढवणे. हा शेवटचा शब्द तर आपल्या 1891 च्या वादामुळे मराठीला तोंडपाठ आहे. पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांचा या युनियनशी संबंध आला, तो अशा व्यापक कामामुळेच असणार. देशभरची बंदी लागू झाली 1920 मध्ये, विलर्डबाई गेल्यानंतर 22 वर्षांनी. 1933 मध्ये ती उठलीसुद्धा. तेव्हा 'अमेरिकेत दारूबंदी आणणाऱ्या' हे विशेषण तरी नक्कीच टाळावे.

माझी शिफारस: चळवळीला 'मद्यपानविरोधी चळवळ', शपथेच्या संदर्भात 'मद्यत्याग', कायद्याच्या मागणीपुरते 'दारूबंदी', आणि संस्थेचे नाव देवनागरीत जसेच्या तसे. 'नशामुक्ती', 'व्यसनमुक्ती' हे शब्द आजच्या उपचारकेंद्रांचे आहेत. एकोणिसाव्या शतकात ते परके वाटतात.

आणखी एक. 1873-74 च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुडघे टेकून प्रार्थना करत, भजने म्हणत ज्या दारूच्या दुकानांपुढे बसल्या, त्यांना इंग्रजीत 'सलून' म्हणतात. टिपणात तो शब्द ठेवलात, तर बायकांनी न्हाव्याच्या दुकानावर मोर्चा का नेला, अशी विचारणा येईल. सरळ 'गुत्ता' लिहा.