प्रश्नासाठी वाचू नकोस

प्रिय मुली,

रविवारी तू गेलीस, तरी चहाचे कप तसेच पडून होते आणि मी तुझ्या त्या लाँगबुकाचाच विचार करत बसलो होतो. क्विझच्या ऑडिशनसाठी राजीनामा लिहून ठेवलायस याचं मला विशेष वाटलं नाही, तुझ्या वयात नोकरी नकोशी होतेच. मला लागली ती वहीतली एक ओळ. ‘पानशेत : 12 जुलै 1961.’ पुढे कोरं. मी विचारलं, बाकीचं कुठंय? तू म्हणालीस, “काका, एवढंच विचारतात.”

तू नारायण पेठेत राहतेस. नदी तुझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर. बांधकाम पुरतं न झालेलं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याची भिंत गेली आणि भरदिवसा पाणी पेठांत शिरलं. तू रोज ज्या रस्त्याने ये-जा करतेस तिथली घरं त्या पाण्याने बसली. आणि तुला त्यातली फक्त तारीख हवी आहे, कारण पर्याय ‘ब’ म्हणून तेवढीच येते.

त्याच वहीच्या मागच्या पानावर ‘जेपर्डी’ या अमेरिकन टीव्ही क्विझमध्ये जिंकत गेलेल्या केन जेनिंग्जचा हिशोब होता. 74 विजय, 25,20,700 डॉलर, म्हणजे एका खेळाला साधारण 34,000. खाली रुपयांत केलेला आकडा, लाल शाईने दोनदा अधोरेखित. गुणाकार-भागाकार बिनचूक आहे गं. पण त्यात तू त्याची आधीची वीस वर्षं धरलेलीच नाहीस. हा मुलगा सोलमध्ये वाढला. शाळेतून आला की अमेरिकन लष्कराच्या वाहिनीवर ‘जेपर्डी’ बघायचा. कॉलेजात क्विझच्या संघात खेळला, पुढे कॉलेजांच्या स्पर्धांसाठी स्वतः प्रश्न काढायला लागला. 2004 साली तो ‘जेपर्डी’त उतरला तेव्हा तिशीचा होता, सॉल्ट लेक सिटीत सॉफ्टवेअरची नोकरी करत होता, घरी लहान मूल होतं. नोकरी सोडून जिंकायला निघालेला माणूस नव्हता तो.

आणि नशीब? तेही धर. 2003 पर्यंत त्या कार्यक्रमात पाच खेळ जिंकले की घरी पाठवायचे. दोन वर्षं आधी गेला असता तर पाचवर थांबला असता आणि आज त्याचं नाव तुझ्या वहीत नसतं. शिवाय तिथे बझर लवकर दाबला तर पाव सेकंद तो बंद पडतो. उत्तर बहुतेक वेळा तिघांनाही येत असतं, खेळ असतो तो अंगठ्याचा. पंचाहत्तराव्या खेळात हंगामी नोकर ठेवणाऱ्या एका कंपनीचं नाव विचारलं, सत्तर हजार माणसं, वर्षातले चारच महिने काम. त्याने फेडेक्स लिहिलं. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, लोकांचे आयकराचे कागद भरून देणारी कंपनी. कर म्हटल्यावर आठवलं, तुझ्या हिशोबात तोही नाही. आपल्याकडे अशा बक्षिसावर सरसकट तीस टक्के कर आहे, वर अधिभार वेगळा, आणि तो कापूनच रक्कम हातात येते.

तू म्हणशील, मग जेम्स होल्झहॉवर? तो तर त्याच कार्यक्रमात 2019 मध्ये लहान मुलांची पुस्तकं वाचून 32 खेळ जिंकला, प्रश्नांसाठीच वाचली त्याने. हो, वाचली. पण त्याचा खरा जीव आकडेमोडीत होता. पैजा लावणं हा त्याचा धंदा, आणि कुठल्या प्रश्नावर किती लावायचं याचा हिशोब तो अनेक वर्षं रोज करत होता. ती पुस्तकं वर शिंपडलेली कोथिंबीर. तू नुसती कोथिंबीर घेऊन निघाली आहेस. प्रश्नासाठी वाचू नकोस, असं मी तुला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, आज परत सांगतो आणि तू चिडलीस तरी सांगत राहणार.

मी हे चढ्या आवाजात बोलतो त्याला कारण आहे. माझे वडील तांबट आळीतले. दिवसभर घरात ठोक्यांचा आवाज. तांब्याचं भांडं घडवून झालं की त्यावर मठारकाम करायचं, म्हणजे हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं, ओळीला ओळ लावून. त्याने पत्रा कडक होतो आणि अंगावर ती चमकती टिंबं उमटतात. वडील भांडं मांडीशी फिरवायचे आणि मान बाजूला कलती ठेवायचे. आवाज जरा बोदा आला की थांबायचे, बोटाने चाचपायचे, पुन्हा तिथेच ठोका. पुरानंतर कित्येक दिवस लोक चिखलाने भरलेली, चेपलेली भांडी आणून दारात ठेवत होते. कुणाचा हंडा, कुणाचा बंब. वडील प्रत्येकाला विचारायचे, कुठे सापडलं? आणि लोक सांगत बसायचे.

मी तिथे होतो. सहा वर्षांचा होतो हे मान्य, पण पुढे सोळाचा झालो, सव्वीसचा झालो. तांबं 1085 अंशांना वितळतं हे मला पाठ होतं, त्यावर मी एका क्विझच्या अंतिम फेरीत दहा गुण मिळवले आणि ढाल घेऊन घरी आलो. वडिलांनी ढाल हातात घेतली, मागून वाजवून बघितली, म्हणाले, “पत्रा पातळ आहे.” मला राग आला होता. त्या हंड्यांची हकिकत मी त्यांना कधीच विचारली नाही, कारण ती कुठल्या फेरीत येणार नव्हती. 1989 मध्ये ते गेले. माझ्याकडे तारीख उरली.

त्यानंतर मात्र मी हट्टाला पेटलो. एका क्लासवाल्याने चार पर्यायांचे पाच हजार प्रश्न मागितले होते, पैसे रोख. त्या पावसाळ्यात आमचं घर गळत होतं. मी नाही म्हटलं. बायको काही बोलली नाही, पातेली मांडत राहिली. लोक म्हणाले, तत्त्वाची नशा आहे. असेल. पण मी चुकलो नाही. तेव्हा ते प्रश्न काढले असते तर आज तुला हे लिहिण्याचा अधिकार मला नसता. माझ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी ते पैसे आठवले, हेही लिहितो, लपवत नाही.

आणि पाठांतराच्या शर्यतीत तू धावणार कुणाबरोबर? 2011 मध्ये जेनिंग्जसारखा माणूस ‘जेपर्डी’तच वॉटसन नावाच्या यंत्रापुढे उभा राहिला. यंत्राचे 77,147 डॉलर, त्याचे 24,000. पानशेतची तारीख आता तुझ्या हातातला फोन तुझ्याआधी सांगतो. तरीही आज त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन जेनिंग्जच करतो. पैशाचं म्हणशील तर मोतिहारीच्या सुशील कुमारांनी 2011 मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त पाच कोटी जिंकले, आणि नंतरचे दिवस किती वाईट गेले ते त्यांनी स्वतःच 2020 मध्ये जाहीरपणे लिहिलं. पुढे ते परीक्षा देऊन शिक्षक झाले. ते वाच एकदा. प्रश्नासाठी नको, नुसतं वाच.

ऑडिशनला जा, मी अडवत नाही. रजा टाकून जा. पडलीस तर माझ्याकडे येऊन रड, जिंकलीस तर पेढे आण. राजीनाम्याचा कागद मात्र दिवाळीपर्यंत माझ्या कपाटात राहू दे.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला लकडी पुलावर ये. तिथून कसब्यात चालत जाऊ. वडिलांच्या शेजारी बसणाऱ्या कारागिराचा नातू अजून मठारायला बसतो, त्याला सांगून ठेवलंय. त्याच्या आजोबांनी त्याला पुराचं काय सांगितलं ते मलाही ऐकायचं आहे. वही आणू नकोस.

तुझा,
काका