खाणीतल्या कातळात भेग दिसली म्हणजे तो सक्रिय भ्रंश असतो का?

भूकंपानंतर निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या दगडाच्या खाणीत दिसणाऱ्या बहुतेक भेगा लाव्हा थंड होताना पडलेल्या असतात. त्यांना सांधे म्हणायचं, भ्रंश नाही. भ्रंश म्हणजे जिच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या आहेत अशी भेग. आधी सरक शोधा. दोन लाव्हा थरांमधला तांबडा मातकट पट्टा भेगेच्या दोन्ही बाजूंना सलग असेल, तर तिथे वर-खाली सरक झालेली नाही. वीतभर जरी वरखाली झाला असेल, तर भ्रंशाची शंका घ्या. मग भेगेची भिंत धुऊन बघा. घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, त्यावर समांतर ओरखडे आणि मधे दळल्यासारखी चिकण पूड असेल, तर खडक नक्की सरकलाय.

पण कधी? अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात सरकला असेल तरच भ्रंश सक्रिय म्हणायचा. खरी मेख इथेच आहे. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, सरकही तितकीच जुनी असू शकते. पूड मऊ आहे म्हणून सरक ताजी, हा तर्क फसवा. कुजलेला खडकही तसाच दिसतो.

म्हणून भेग कातळावरच्या, त्याहून नव्या अशा नदीकाठच्या गाळात शिरते का ते पाहा. अशा जुन्या गाळात भेगेला आडवा चर खणून तुटलेले थर मोजतात, त्यातल्या कोळशाचं वय काढतात. तुटलेल्या थरापेक्षा सरक नवी, वरच्या अखंड थरापेक्षा जुनी.

काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा आणि उतारावरच्या कमानदार चिरा सोडून द्या. मात्र 1993 च्या किल्लारी भूकंपात बेसाल्टच्या (याच काळ्या दगडाच्या) मुलखातही जमीन फाटली होती, त्यामुळे धक्क्यानंतर पाऊस पडण्याआधी फोटो काढून भेगेची दिशा आणि कल (ती किती तिरकी खाली जाते ते) मोजून ठेवा.