पाणी तुडुंब, पक्षी कुठे?

प्रश्न : पुनरुज्जीवित पाणथळीच्या अभयारण्यात स्थलांतरित पक्षी पाहायला गेलो. तळं तुडुंब होतं, पक्षी मात्र मोजकेच. असं का?

उत्तर : तुडुंब पाणी हेच कारण असावं. चिखल्या, तुतवार या काठावर चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांना ५ सेंटिमीटरच्या आतलं पाणी किंवा ओला चिखल लागतो. थापट्या, तलवार बदकं बुडी न मारता मान खाली घालून खातात. त्यांना २०-२५ सेंटिमीटर पुष्कळ झालं. म्हणून व्यवस्थापक बांधाच्या दारातल्या फळ्या एकेक काढून पाणी हळूहळू उतरवतात. एकदम सोडलं तर चिखल लवकर सुकतो, पक्ष्यांचं खाद्य असलेल्या अळ्या मरतात. निघण्यापूर्वी पाण्याची पातळी विचाराच. सकाळी लवकर पोहोचा, सूर्य पाठीशी ठेवा. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. चरणाऱ्या पक्ष्यांच्या माना ताठ झाल्या, म्हणजे ते बिचकले, की दोन पावलं मागे या.