सुईदोरा : पहिल्या गोधडीसाठी मशीन हवंच का?

प्रश्न : गोधडी शिवायला शिकायचं आहे, पण घरात शिलाई मशीन नाही. आधी मशीन घ्यावं आणि मग सुरुवात करावी का? (वाचक, सांगली)

नको. गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, ही मुळात हातशिलाईची वस्तू. आणि गोधडी बिघडते ती शिवताना नव्हे, जमिनीवर थर पसरताना. थर वेडेवाकडे बसले असतील तर मशीन ते सुधारत नाही, उलट तासाभरात सगळा झोळ टिपेखाली पक्का करून टाकतं. हाताने शिवताना तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच चुणी दिसते आणि तिथल्या तिथे उसवता येतं.

सुरुवात बाळाच्या दुपट्याने करा : ३६ इंच लांब, ३६ इंच रुंद. वरचं कापड आणि अस्तर प्रत्येकी ३८ इंची चौकोनी घ्या. आत घालायला जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे ३६ इंची तीन थर पुरतात. वरचं आणि अस्तराचं कापड नवं असेल तर आधी धुऊन घ्या. खळ गेली की सुई सहज शिरते, आणि जे काही आकसायचं ते आधीच आकसतं. ही पायरी टाळली तर पहिल्या धुण्यात नवं कापड आकसतं, आतलं जुनं तेवढंच राहतं आणि सगळ्या दुपट्यावर फोड आल्यासारखं दिसतं. लाल, निळ्या, काळ्या कापडावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का तेही पाहा.

जुनं कापड दोन अंगठ्यांत धरून ताणा. चर्र आवाज आला किंवा उजेडात विरलेलं दिसलं तर ते आतल्या थरातसुद्धा घालू नका. साडीचा पदर आणि काठाजवळचा भाग बहुधा मजबूत असतो, बसण्याचा भाग विरलेला असतो.

आता पसरणं. अस्तर उलटं करून फरशीवर घाला आणि चारही कोपरे चिकटपट्टीने चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर पट्टी काढताच आखडतं आणि वरचे थर गोळा होतात. त्यावर आतले थर एकेक करून मधोमध ठेवा, म्हणजे चहूबाजूंनी अस्तराचा इंचभर भाग उघडा राहील. दर थरावर तळहात मधून कडेकडे फिरवा. एखादा थर तुकडे जोडून केला असेल तर त्याचा जोड खालच्या थराच्या जोडावर येऊ देऊ नका. सगळे जोड एका रेषेत आले की तिथे सुई अडते आणि बाकीची जागा पोकळ राहते. शेवटी वरचं कापड सुलट घाला.

मग कच्चे टाके. हा भाग कंटाळवाणा म्हणून बहुतेक जण टाचण्यांवर भागवतात आणि नंतर पस्तावतात. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, दोन-दोन इंचांचे लांब टाके घालत, मधून सुरू करून कडेकडे जा. आधी अधिक चिन्हासारख्या दोन ओळी, मग चार-चार इंचांवर उभ्या-आडव्या. शेवटी अस्तर आणि वरचं कापड दोन्ही इंचभर आत दुमडून कडा बंद करा.

पक्की शिलाई म्हणजे साधा धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, म्हणजे पाव इंचाच्या आसपास. सुई लांब आणि जरा जाड घ्या, नेढं मोठं हवं. दोरा जाड सुती, दुहेरी केल्यावर दोन फुटांहून लांब नको. जास्त लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो आणि त्याला पीळ पडून गाठी बसतात. पीळ पडलाच तर सुई दोऱ्यावर लोंबकळत सोडा, तो आपोआप सुटतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला तरी बराच फरक पडतो.

एका वेळी सुईवर दोनच टाके घ्या. पाच-पाच टाके भरण्याची घाई केली की सुई तिरपी पडते, वरचे तीन थर धरते आणि अस्तर सुटतं. दर चार टाक्यांनी कड उचलून मागची बाजू पाहत जा. दोरा ओढून घट्ट करू नका, नाहीतर ३६ इंचांची ओळ ३४ इंचांची होते आणि दुपटं चौकोनी राहत नाही. दहा ओळी झाल्या की टेपने मोजा.

ओळी कुठून सुरू करायच्या, यावर मतभेद आहेत. कडेने चौकोनी फेऱ्या घालत आत येण्याची रीत जुनी आणि देखणी आहे. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका कवंदी (त्यांची गोधडी) अशीच कडेपासून मध्याकडे शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर रंगीत कापडाची फुलं बसवतात. पण त्यांचा हात प्रत्येक टाक्याला कापड सारखं करत पुढे जातो. शिकाऊ हाताने हीच रीत केली तर उरलेलं सगळं कापड मध्ये ढकललं जाऊन तिथे फुगा येतो. म्हणून पहिल्या दुपट्याला मधली सरळ ओळ आधी घाला, मग तिच्या दोन्ही बाजूंना इंच-इंचावर ओळी.

प्रश्न : हाताने किती दिवस लागतील आणि दोरा किती आणू? (वाचक, नाशिक)

हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी भागिले दोन ओळींतलं अंतर, ही झाली एकूण शिलाई. ३६ इंची दुपट्याला इंचाच्या अंतराने १,२९६ इंच, म्हणजे ३३ मीटर. दुहेरी दोरा, वर गाठी आणि शेपट्यांची नासाडी धरून ९० मीटर लागतील. ६० बाय ९० इंचांच्या मोठ्या गोधडीला शिलाईच १३७ मीटर होते, तिच्यासाठी ३७० मीटर दोरा आणा. सगळा एकदम आणा, नंतर तोच रंग मिळेल याचा भरवसा नाही.

नवख्या हाताला दुपट्याच्या ३६ ओळी, एकेका ओळीला दहा मिनिटं धरली तर सहा तास लागतात. मोठ्या गोधडीला त्याच वेगाने पंचवीस तास. रोज तासभर बसलात तर महिन्याच्या आत होते. ओळींमध्ये दोन इंच अंतर ठेवलं की दोराही निम्मा, वेळही निम्मा. पण आत जुन्या कापडाचे तुकडे असतील तर त्याहून विरळ शिवू नका, तुकडे आत गोळा होतात.

प्रश्न : घरी पायाचं जुनं काळं मशीन आहे. त्यावर गोधडी घातली की वरचं कापड पुढे सरकतं, मध्येच टाके सुटतात. मशीन बिघडलं आहे का? (वाचक, कोल्हापूर)

बहुधा नाही. मशीनचे दाते फक्त सगळ्यात खालच्या थराला पुढे ओढतात. वरच्या थराला दाबाचा बूट अडवून धरतो. त्यामुळे दर टाक्याला वरचं कापड खालच्यापेक्षा केसभर मागे राहतं, बुटाच्या पुढे साचत जातं (तेच तुम्हाला पुढे सरकल्यासारखं दिसतं) आणि ओळीच्या शेवटी त्याची लाट उठते. बुटाच्या दांड्यावर डोक्याशी एक स्क्रू असतो, तो थोडा सैल करा, म्हणजे दाब कमी होईल. टाका मोठा ठेवा, इंचाला सात-आठ. सुई १६ नंबरची आणि नवी लावा, थर जास्त असतील तर १८. बारीक किंवा बोथट सुई जाड थरात वाकते, मग खालच्या बॉबिनजवळच्या हुकाला तिच्या दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाका सुटतो. वरचा थर आपोआप पुढे नेणारा वॉकिंग फूट मिळतो, तो तुमच्या मशीनच्या दांड्याला बसतो का हे दुकानात लावून पाहूनच घ्या.

सगळ्या ओळी एकाच दिशेने घाला. एक वरून खाली, दुसरी खालून वर अशी मारली की मधलं कापड उलटसुलट ओढलं जाऊन तिरप्या चुण्या पडतात. मधल्या ओळीपासून सुरू करून उजवीकडे जा. उजवीकडची गुंडाळी मशीनच्या पोटात असते, ती दर ओळीला लहान होत जाईल. मग गोधडी फिरवून उरलेली अर्धी बाजू तशीच करा. डावीकडे टेबल किंवा खुर्ची लावा, नाहीतर लोंबणारं वजन टीप वाकडी करतं. टाचण्यांऐवजी वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा आणि सुईच्या वाटेतली पीन आधी काढा.

एक मात्र ध्यानात ठेवा : फार जुन्या, मऊ साड्यांवर बारीक टीप मारली की कापड त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. तिथे हातचा धावदोराच बरा. मशीनचा खरा उपयोग ठिगळं जोडायला आणि कडेला गोट लावायला. शिवल्यावर ४ इंची दिसणारे चौकोन हवे असतील तर तुकडे साडेचार इंची कापा. ३६ इंची दुपट्याला ते ८१ लागतात आणि जोडांची लांबी ५७६ इंच भरते. ते काम मशीनवर एका दुपारचं, हाताने तीन-चार संध्याकाळचं.

प्रश्न : एका नऊवारीत केवढी गोधडी होते? (वाचक, बेळगाव)

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. न कापता चार घड्या घातल्या की ८१ इंच लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी, साधारण ४५ इंच रुंद, चार थरांची चौघडी तयार. एका माणसाला पांघरायला पुरते. सहावारीच्या तीन घड्या केल्या तर ७२ इंच भरतात.

प्रश्न : पॉलिस्टरच्या साड्या चालतील का? (वाचक, ठाणे)

आतल्या थरात नकोत. त्या घसरतात, कच्च्या टाक्यांनाही जुमानत नाहीत आणि घाम शोषत नाहीत. वरून रंगासाठी एखादी चालेल.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. इथे जुन्या साड्या नाहीत, दुकानात सुती बॅटिंग (गोधडीच्या आत घालायचा कापसाचा तयार थर) मिळते. ती घालून हाताने शिवता येईल का? (वाचक, अमेरिका)

येईल. बॅटिंगचा एकच थर घाला. तीन साड्यांपेक्षा तो सुईला हलका जातो, म्हणून सुई बारीक आणि आखूड लागेल, तिकडे 'बिट्वीन्स' म्हणून मिळतात त्यातली ८ किंवा ९ नंबरची. पाकिटावर दोन शिलायांमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं, त्याहून विरळ शिवलं तर धुण्यात बॅटिंग तुटून गोळे होतात. सुती बॅटिंग धुतल्यावर आकसते, त्यामुळे ठरवलेल्या मापापेक्षा दोन इंच मोठं शिवा. आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकणार असाल तर दोऱ्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठी थरांच्या आत ओढून घ्या, बाहेर राहिलेली गाठ तिथे आधी सुटते.