पोटापाण्याच्या धबडग्यात सामान्य माणसाला कलेचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो सामान्य माणसानेच जाणला होता. नाशिकला पांडवलेणीचं १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, पाहा. त्याच्या दर्शनी भागावरच्या ब्राह्मी लेखात ते काम धंभिक गावच्या लोकांचं दान असल्याचं कोरलंय. सुमारे २००० वर्षांपूर्वी गावाने मिळून कोरीवकामासाठी दान दिलं! राजेरजवाडे तर देतातच; मला हे गावकरी मोठे वाटतात.

पोटाचं म्हणाल, तर येवल्यातली पैठणी बघा. पदरावरच्या मोराच्या एकेका रंगाला धाग्याची वेगळी कांडी, विणकर ती हाताने फिरवतो. त्यावर घरं चालतात. शिवाय ती नेसणारी लेक लग्नात कशी उजळते, ते मोल तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.